दादाचा अंगठा

फाल्गुन वद्य पंचमी, संध्याकाळ, शिरड शहापूर

आचमनासाठी शास्त्राने अंगठ्याचं मूळ सांगितलंय. आमच्या दादाने कप देताना आज पुन्हा अख्खा अंगठाच माझ्या चहात बुडवला. घोर अनाचार! मी निमूट प्यालो.

मग शेतात हळद शिजत होती, त्या कढईतलं वाफाळतं हळकुंड त्याने त्याच अंगठ्याने दाबलं. घरच्या थोरल्याने असं दाबून हुकूम दिल्याशिवाय आमच्याकडे हळद उतरत नाही.

"शिजली. काढा रे!"

मी हळूच काडी टोचून पाहिली. आत शिरेना. हळद कच्ची.

"काहून गप्प रे पंडित? बराबर हाय ना?" त्याने गड्यांदेखत विचारलं.

"बराबर हाय, दादा."

गावभरच्या लबाड्या पेपरात छापणारा मी! थोरल्या भावाचा मान राखला म्हणे. मान, की माझा भित्रेपणा?

हळदीचं जाऊ दे. घरी निघताना त्या अंगठ्यावर टम्म फोड दिसला. दादाला पत्ताच नाही, हसत तंबाखू मळून राहिला होता. म्हणजे चहातही त्याला चटका बसत नव्हता. इतके दिवस मी त्यावर विनोद करत आलो.

साखरेच्या आजाराने त्याचा हात बधिर होत चाललाय. मला दिसतंय, आणि आजही मी त्याला सांगितलं नाही.