वाकलेली चकती

बुधवार, संध्याकाळ

टोमॅटोची चकती तुटायला हवी होती, ती वाकली. फ्रीज ड्रायरमध्ये गोठवून वाळवलेली चकती पापडासारखी मोडते, वर्षानुवर्षं टिकते, असं मीच आईला पटवलं होतं. गच्चीवरच्या कुंड्यांतले तिचे सगळे टोमॅटो हातोद गावातल्या मशीनवाल्याला वाळवायला दिले. त्याने अर्धवट वाळलेलेच बाहेर काढले का? की मशीन लावलीच नाही? फोनवर म्हणाला, “दीदी, एकदम कडक दिये थे.” मी त्याला सरळ झूठा म्हटलं.

मग चकती वाकली कशी?

आई पोळ्या लाटत म्हणाली, “अगं, परवा त्याने दिलेली पाकिटं फोडून दिवसभर ऊन दाखवलं मी. सांडग्यांना दाखवतो ना, तसं.”

म्हणजे हवेतली ओल धरली चकत्यांनी; आता त्या टिकायच्या नाहीत. उद्या मशीनवाल्याची माफी मागायची.

“वर्षभर टिकतील ना आता?” आईने विचारलं.

मी पटकन हो म्हणून गेले.