चंद्रीचं शिंग

नागपूर,
१२ जानेवारी

तीर्थरूप आईस,

नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण सध्या पाठ वाकू देत नाही. तू पाठवलेले तिळाचे लाडू पोचले. खोलीवरच्या मुलींनी दोन दिवसांत फस्त केले. इथे थंडी चांगलीच आहे. बाबांचा खोकला कसा आहे?

फोन करणार होते. पण फोनवर तू रडतेस आणि मग मलाच तुझी समजूत घालावी लागते. या वेळी घालायची नाही.

पाठीसाठी इथल्या सदर भागातल्या डॉक्टरांकडे गेले होते. एक्स-रेच्या फोटोत कणा वाकडा दिसला, त्याचं मला फार वाटलं नाही. पण छातीच्या मधल्या हाडात तारा दिसल्या, ओळीने पिळून बांधलेल्या. डॉक्टरांनी विचारलं, "हृदयाचं ऑपरेशन कधी झालं?" मी म्हटलं, "झालंच नाही. लहानपणी आमच्या चंद्री म्हशीने शिंग मारलं होतं, त्याचाच व्रण आहे." ते हसले नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

म्हणाले, जन्मापासून हृदयात दोष असलेल्या मुलांचा कणा वाढत्या वयात वाकण्याची शक्यता जास्त असते, लहानपणी छाती उघडली असेल तर आणखीच. म्हणून त्यांच्या पाठीवर लक्ष ठेवावं लागतं. वेळेवर पट्टा बांधला असता तर कदाचित इतकं वाकलं नसतं. आता ऑपरेशनच करावं लागेल.

तू लक्ष ठेवलंस ना, आई. दिवसभर ठेवलंस. "नीट बैस ना वं, कुबड येईन, लोकं काय म्हनतीन." जेवताना, अभ्यास करताना, पाहुण्यांसमोर. मी आळशी म्हणून वाकडी बसते, असं मलाही वाटायला लागलं होतं. तुला माहीत होतं आणि तू मला रागावत राहिलीस.

सिंधू आत्याला फोन केला. ती म्हणाली, "तुले कोनं सांगतलं वं? तुह्या आईनं आमाले शपथ घातली होती. पोरीची जात, लग्न कसं होईन म्हने. चंद्रीले इकली तवा तुहं आपरेशन झालं."

म्हणजे चंद्री मला मारलं म्हणून विकली नव्हती. माझ्यासाठी विकली होती. आणि मी आजही रस्त्यात म्हैस दिसली की दुसऱ्या बाजूने जाते. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, आणि तेही माझ्यापासून चोरलंत. सगळ्या घराला माहीत होतं, फक्त जिच्या छातीवर व्रण आहे तिला नव्हतं. मला फार राग आला आहे.

हृदयात काय होतं, काय शिवलं, हे कळल्याशिवाय डॉक्टर पाठीला हात लावणार नाहीत. ते तुलाच माहीत आहे. मंगळवारी पारशिवनीहून सकाळच्या गाडीने ये. डॉक्टरांसमोर पुन्हा म्हशीचं नाव काढलंस, तर मी तुला बाहेर बसायला सांगेन.

तुझीच मुलगी, निदान एवढं तरी खरं असेल तर,
मिनल