नळीवरचा जुना आकडा

अप्पा,

परवा संकष्टीच्या सकाळी दूध काढायला फ्रीज उघडला, तर दह्याच्या पातेल्याला टेकून हरणाची मांडी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती, तरी तळाशी लाल पाणी साचलं होतं आणि ते कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत पोचलं होतं. तुमचा नातू एडिनबराहून आदल्याच दिवशी आमच्या लंडनच्या, पिनरच्या घरी आलेला, मागे उभा राहून हसत होता. "आई, इट्स वाइल्ड. एकदम ऑर्गॅनिक. शॉपमध्ये किती महाग असतो माहितीये?" आईची नस कुठली ते त्याला बरोबर ठाऊक आहे. मी ती पिशवी चिमट्यानं धरून मागच्या शेडमध्ये ठेवली, कप्पा तीनदा धुतला आणि अख्खी जुडी फेकून दिली. मी, जी कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा आमटीत घालते. तुमचे जावई पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "अगं, पिनरच्या थंडीत शेड काय नि फ्रीज काय, सारखंच. जाऊ दे ना."

गेलंही असतं. पण जेवताना त्यानं फोनवर रायफल दाखवली. तिकडे बँकेतले मित्र मिळून डोंगरात हरणं मारायला जातात, हे मला माहीत होतं, आणि मी ते माहीत नसल्यासारखं करत होते. ही रायफल जुनी आहे, नळीवर वेलबुट्टी कोरलेली. तिची काडतुसं आता कुठून कुठून मागवावी लागतात, म्हणून तिकडचा गनस्मिथ तिला दुसऱ्या काडतुसाला बसवून देणार आहे. "नळी तीच ठेवणार ना? काडतुसाचं घर तेवढं वाढवणार?" मी पोळी वाढता वाढता विचारलं. त्याचा घास हातात राहिला. "आई! हाऊ डू यू नो धिस?" मग फारच खुलला. म्हणाला, "गनस्मिथ म्हणतो, प्रूफ हाऊसला, म्हणजे बंदुका टेस्ट करतात तिथे, पाठवून नळीवर नवीन आकड्याचा शिक्का मारायला पाहिजे. मी काय विकणार नाही, मग कशाला? एवढा सुंदर एनग्रेव्हिंग खराब होईल. मी त्याला सांगणार, नको." आणि लगेच पुढे, "माझ्या फ्रेंडकडे सेम रायफल आहे. तो अजून जुनीच काडतुसं वापरतो. आम्ही दोघं ट्विन्स!" एकाच आकड्याच्या दोन रायफली आणि काडतुसं वेगळी, एवढंच माझ्या डोक्यात फिरलं. तो नंतर जे म्हणाला ते मला जास्त लागलं. म्हणाला, "आजोबा असते तर त्यांनीच केलं असतं, ना? ही वॉज अ लेजेंड."

लेजेंड! मला तुम्ही आठवता ते नाकातून. बेळगावचं आपलं स्वयंपाकघर, आईनं नुकतंच सारवलेलं, आणि शेगडीवरचा भात उतरवून तुम्ही लोखंडी पळीत गंधक वितळवताय. काडतूस बसतं त्या घराचा नेमका साचा हवा, म्हणून ते पिवळं पाणी नळीच्या मागच्या तोंडात ओतताय. तुमच्या बंदुकांच्या दुकानात वारा लागतो, म्हणून आमच्या शेगडीपाशी. आई पदर नाकाला लावून म्हणते, "इथे देवाचा नैवेद्य होतो हो." तुम्ही मान वर न करता म्हणता, "देवाला गंधकाचं वावडं नाही. पोरीला बाहेर घे, खोकतेय ती." साचा सुटला की माप घ्यायचं, मग रीमर, म्हणजे भोक वाढवायचं हत्यार, हातानं फिरवायचा. दोन फेरे, बाहेर काढायचा, पोलादाचा किस फडक्याला पुसायचा, तेल लावायचं, परत दोन फेरे. दिवसच्या दिवस. मी एकदा कंटाळून म्हटलं, "एकदम फिरवा की," तर केवढ्यांदा ओरडला होतात. "भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. गेलेलं पोलाद परत येत नाही, कळलं?" आणि सगळं झाल्यावर नळीवरच्या जुन्या आकड्यावर छिन्नीची आडवी रेघ, शेजारी नवा आकडा. तो ठोकल्याशिवाय बंदूक दुकानाबाहेर जायची नाही. तुमचा धर्म होता तो. मी तुमच्या कपाळावरच्या गंधापेक्षा त्या रेघेवर जास्त विश्वास ठेवायची.

मग इनामदारांची रायफल आली. काम झालं त्या दिवशी ते स्वतः न्यायला आले आणि तुम्ही छिन्नी उचललीत तसा त्यांनी हात धरला. "मिस्त्री, एवढी विलायती नक्षी, त्यात तुमचा घाव कशाला? बंदूक माझी, काडतुसं माझी. काय बदललंय ते मला ठाऊक आहे की." मी कपबशा घेऊन दारात उभी. मला वाटलं, आता ओरडतील अप्पा. तुम्ही हात पुसलेत आणि म्हणालात, "जशी मर्जी, सरकार."

महिना झाला नसेल. इनामदारांचा शिकारी, जंगलात माग काढणारा त्यांचा माणूस, तीच रायफल घेऊन रानडुकराच्या मागे गेला. त्यानं नळीवरचा आकडा वाचला आणि कपाटातली त्याच आकड्याची काडतुसं घेतली. बिचाऱ्यानं अगदी नीट वाचलं होतं. वाढवलेल्या घरात जुनं काडतूस सैल बसलं, फाटलं आणि सगळी आग मागे त्याच्या तोंडावर आली. उजवा डोळा गेला. फौजदार चौकशीला यायच्या आधी तुम्ही रीमर आणि तो गंधकाचा साचा सोवळ्यात गुंडाळून देवांच्या चौरंगाखाली सरकवलात. बूट घालून कोणी देवघरात शिरणार नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत. फौजदाराला म्हणालात, "मी साफ करून, तेल देऊन परत केली. काडतुसाच्या घराला हात लावला नाही." इनामदारांनी मान डोलावली. दोघांनी मिळून ठरवलं की तो माणूस प्यालेला होता. आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौरंगावर तुम्ही अभिषेक केलात, एकही अक्षर न चुकता. मला तीर्थ दिलंत. मी ते तोंडापर्यंत नेलं आणि मोरीत ओतलं, आजवर कुणाला सांगितलेलं नाही. परवाच्या त्या मांडीची किळस आली, पण ती साबणानं गेली. त्या तीर्थाची गेली नाही. आज पंचावन्न वर्षं पूजा करते, पण दुसऱ्याच्या हातचं तीर्थ अजून नुसतं ओठांना लावते आणि डोक्याला पुसते, पीत नाही.

त्या शिकाऱ्याची बायको आली होती मागच्या दारी, आठवतं? आईला म्हणाली, "वैनी, माझा मालक थेंबाला शिवत न्हाई हो. आकडा बघूनच घातली म्हनतोय. मिस्त्रींनी खरं तेवढं बोलावं, दुसरं काय मागनं न्हाई." आईनं मापटंभर तांदूळ पुढे केले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तशीच गेली. तुम्ही आत गंध उगाळत होता. एरवी मागच्या दारी कुणी आलं की तुम्ही थांबून कोण म्हणून विचारायचात. त्या दिवशी सहाणेचा आवाज थांबला नाही, म्हणून मला कळलं की तुम्हाला सगळं ऐकू आलं.

काल दुपारी तुमच्या नातवाला परत जायचं होतं. मी पोळ्या लाटत होते, तो ओट्यापाशी उभा. म्हटलं, शिक्का मारून घे. "आई, प्लीज, नको ना सुरू करू." म्हटलं, बस तिथे, आणि सांगायला घेतलं. गंधक, नक्षी, इनामदार, काडतूस, डोळा. मित्राची जुनी काडतुसं आपल्या नळीत जाऊ शकतात हे त्याच्या लक्षात आलं असावं, चेहरा उतरला. मग विचारलं, "पोलिसांना आजोबांनी काय सांगितलं?"

एवढ्याचसाठी तर मी तोंड उघडलं होतं, अप्पा. मॅट्रिक झालेली, कधी कुणापुढे न बोललेली मी, एकदा तरी हे कुणाला सांगायचंच म्हणून. आणि मी म्हणाले, "खरं ते सांगितलं. चूक माझी म्हणाले. त्या माणसाच्या घरी गेले आणि हात जोडले."

त्याचे डोळे भरले. "ही वॉज अ गुड मॅन, आई." तिथूनच त्यानं गनस्मिथला फोन लावला, शिक्का मारायचा, जुना आकडा पण खोडायचा. फोन ठेवून म्हणाला, "आजोबांसाठी."

खरं सांगितलं असतं, तरी त्यानं तो फोन केलाच असता. माझा पोरगा आहे, मला माहीत आहे. त्या शिकाऱ्याच्या बायकोनं मागितलं होतं ते खरं तेवढंच, आणि माझ्या घरातही ते तिला मिळालं नाही. हे कागद पाठवणार तरी कुठे, पण कबूल करते. बोलताना माझी जीभ अडखळली नाही, आणि तव्यावरची पोळीसुद्धा करपली नाही.