वहिनी चिमूरले नाईत

चंद्रपूर, बुधवार

तीर्थरूप मुखरूभाऊ,

धाकट्या अंजनाचा नमस्कार. गुडघा वाकत नाई म्हणून उभ्यानंच करून राह्यली, गोड मानून घे. तुही शुगर कशी आहे? गाय व्याली काय? हे पत्र बसून वाच आणि पाणी जवळ ठेव. फोनवर सांगतलं असतं तर तू अर्ध्यातच भडकला असता, म्हणून उद्या पहाटेच्या बसनं तिकडे येणाऱ्या आपल्या पोंभुर्ण्याच्या हेमराजच्या हाती पाठवून राह्यली.

गुडघा दाखवाले मी काल सिरोंच्यावरून इथी आली. डॉक्टर शुक्रवारी भेटणार, म्हणून बसस्टँडमागच्या एका स्वस्त लॉजवर उतरली. मॅनेजर विचारे, सोबत कोणी माणूस नाई काय? मी म्हटलं, गुडघा आहे. एका खोलीत प्लायवूड ठोकून त्यानं दोन खोल्या केल्या होत्या, आणि माह्या पंख्याचं बटन शेजाऱ्याच्या खोलीत! (खोटं वाटन, पण हेमराजले विचारू नको, तो तिथी नव्हता.) शेजारी बियाण्याचा एजंट, तेलंगणातला. त्याले मार्चात थंडी वाजे. मी प्लायवूड ठोकून तेलुगूत भांडली, तेव्हा कुठी पंखा फिरला. आज सकाळी तो बटन बंद करून, कुलूप लावून गावात निघून गेला. मी पिशवी उचलली.

मग कोणी होस्टेल सांगतलं. मले वाटलं, आश्रमशाळेवानी पोरी रांगेत जेवत असतीन. तर ते वाघ पाहाले येणाऱ्या लोकांचं निघालं. बायांच्या खोलीत रेल्वेवानी दोनमजली पलंग, म्हणजे अनोळखी बाई आपल्या डोक्यावर झोपणार. मले वरचा मजला आला. शिडी पाहूनच मी खाली बसली. पुण्याची एक पोरगी हाफपँटवर होती (मी आधी भिंतीकडे पाह्यलं), तिनं आपला खालचा पलंग मले देला, चहाही आणून देला. त्यानंतर हाफपँटबद्दल मी मनातही काही म्हटलं नाई.

समोरच्या पलंगाले परदा होता. आत कोणी तरी पुटपुटत होतं, ए वर्ग अधिक दोन ए बी. आवाज ओळखीचा. मी परदा सरकवला आणि भाऊ, माह्या तोंडचं पाणी पळालं. आत साधनावहिनी! तुही बायको, जी भाचीच्या पोराच्या बारशाले चिमूरले गेली असं तूच मले फोनवर सांगतलं होतं.

मले पाहून दचकली नाई, काई नाई. म्हणे, “बाई, परदा लावा. उद्या गणित आहे.”

भाऊ, तुही बायको बाहेरून दहावी देऊन राह्यली. एकतीस वर्षांआधी तिचा हाच पेपर होता आणि त्याच दिवशी आपल्या लोकायनं हळद धरली. तिनं आठ दिवस थांबाले सांगतलं होतं म्हणे. कोणी थांबलं नाई. आणि हळद तिच्या गालाले मीच लावली. ती रडत होती. मी समजली, माहेर सुटते म्हणून. आज ते ऐकून माह्या हातातला चहा तसाच निवला.

तुह्या पाया पडते, तिले रागावू नको. खोटं बोलली, पण पाप नाई केलं. हिंमत असन तर उद्या पेपरले तिले सोडाले ये.

तुही बहीण,
अंजना

ता.क. वहिनीनं पत्र वाचलं आणि इतकी हासली की पुण्याची पोरगी झोपेतून उठली. म्हणे, फॉर्म तुमच्या भावानंच भरला, बसमध्येही त्यानंच बसवलं. मग बारशाची गोष्ट कोणासाठी होती? म्हणे, “तुमच्यासाठी, बाई. तुमच्या पोटात काही राहत नाई.” भाऊ, सख्ख्या बहिणीवर हा भरोसा?

ता.ता.क. हे ती झोपल्यावर लिहून राह्यली. परदा लावल्यावर मी सिरोंच्यात फक्त तिघींलेच फोन केला होता. त्यातल्या चंचलनं गावाच्या ग्रुपवर टाकलं, वहिनीच्या जुन्या फोटोसकट. एक काम कर, उद्या पेपर होयेपर्यंत तिले काही सांगू नको.