रोज दोन, फक्त अकराव्या डेकवर

३ जानेवारी, शनिवार. नाशिक

थंडी कडाक्याची. सकाळी नळाचं पाणी हाताला चावत होतं. बोटीवर स्वेटर लागणार नाही असं ऋता पुण्याहून फोनवर दोनदा म्हणाली. तिचं ऐकून मी दोन ठेवले. लेकीचं ऐकायची माझी पद्धत.

आज तिकिटांबरोबर नियमांचा कागद आला. सु.ने चष्मा लावून तीनदा वाचला. (लग्नाला चाळीस वर्षं झाली. समोर 'अहो', वहीत अजून सु.च.) खोलीत धूम्रपान नाही. खोलीच्या बाल्कनीत तर मुळीच नाही. अकराव्या डेकवर मागच्या बाजूला एक जागा, तिथेच.

"मग मी बाल्कनीवाली खोली घेतली कशाला?"

सहा महिने हा माणूस मला सांगत होता, संध्याकाळी बाल्कनीत बसायचं, पाय वर, समोर समुद्र, हातात एक. खिडकीवाली खोली चालेल असं मी म्हटलं होतं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. शेवटी तोही हसला.

करार पुन्हा एकदा तोंडी झाला. दिवाळीनंतर स्टेंट बसवला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, एकही नाही. सु. दहावरून दोनवर आला आणि तिथेच अडकला. आता बोटीवर रोज दोन, आणि मुंबईला पाय टेकला की शून्य. माझ्या बाजूचं कलम: पोलीस व्हायचं नाही. खिसे तपासायचे नाहीत, वास घ्यायचा नाही, विश्वास ठेवायचा.

माझं कलम जास्त अवघड आहे. त्याला ते कळत नाही.

४ जाने., रवि.

बॅगा भरताना कॅलेंडर पाहिलं. मंगळवारी अंगारकी! तिकिटं काढताना कोणीच पाहिलं नव्हतं. आईने लावून दिलेली संकष्टी, आजवर एक चुकवलेली नाही. सिस्टर अ‍ॅग्नेसच्या शाळेत असताना डब्यात बटाट्याचा कीस न्यायचे, वर्गातल्या मारियाला वाटायचं मला रोज वेफर्स मिळतात.

पूजेचा लहान डबा घेतला. गणपती, कुंकू, तांब्याची पळी, चार पेढे. मोगऱ्याच्या उदबत्त्या तळाशी. काडीपेटी नाही घेतली, सु.चा लाइटर आहेच.

५ जाने., सोम. बोट

बोट कसली, आडवी पडलेली उंच इमारत. तपासणीत पूजेचा डबा उघडायला लावला. त्या माणसाने वर गणपती पाहिला, हात जोडले, झाकण लावलं. खालचं त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लपवलं असं म्हणता येणार नाही. (येईल.)

संध्याकाळी सु.बरोबर अकराव्या डेकवर. धूम्रपानाचा कोपरा म्हणजे चार बाकडी, वाळूच्या उभ्या कुंड्या आणि बोटीवरची सगळ्यात चांगली हवा. मागे पांढरी फेसाची वाट लांबवर गेलेली. न ओढणाऱ्यांना आतमध्ये एसीत बसवलंय आणि ओढणाऱ्यांना हा देखावा! सु.ला तिथे लगेच आपली माणसं भेटली. एक हृदयाचे डॉक्टर, स्वतः ओढणारे. त्यांच्या शेजारी जाऊन बसला तो मुद्दामच, माझ्याकडे बघत.

आणि बापू. विंचूरचे कांद्याचे व्यापारी, पांढरी टोपी, खिशात बिडीचं बंडल. मुलांनी लग्नाच्या पन्नासाव्या वर्षानिमित्त पाठवलंय. काकू खाली खोलीत, त्यांना पाणी बघून गरगरतं.

"ताई, मी मार्केटात कांद्याच्या ढिगावर बसून वढतो, कोणी काय बोलत नाय. हितं चारी बाजूंनी पाणी, अन् म्हणे आग लागंल! लयच झालं ना."

सु. म्हणाला, "बापू, पाणी बाहेर आहे. आत गाद्या, पडदे, तेल. आग लागली तर पळणार कुठं?"

बापूंनी विचार केला. "मंग वावर बरं. चारी दिशा मोकळ्या."

मला गंमत वाटली. सु. नियमाच्या बाजूने बोलला! पण खरं तर नवल नाही. ओझरच्या विमान कारखान्यात पस्तीस वर्षं काडीपेटी गेटवर ठेवून आत गेलेला माणूस. चारच्या चहाला गेटबाहेर येऊन एक, पुन्हा आत. त्याच्या ओढण्यालाही भोंगा होता.

खोलीत परतताना शेजारच्या मिसेस पारेख भेटल्या. बोरिवलीच्या, दम्याचा त्रास. "बेन, बाल्कनीत बंदी आहे म्हणून तर मी ही बोट घेतली. मागच्या वेळी दुसऱ्या बोटीवर शेजारचा माणूस फूंक फूंक, आणि मी चार दिवस खिडकी बंद." त्यांचंही खरंच आहे.

६ जाने., मंगळ. अंगारकी. दिवसभर समुद्र

सकाळी न्याहारीहून आले (माझी फळं आणि उकडलेला बटाटा) तर खोलीत वास. बिडीचा. सु. आरशासमोर भांग पाडत होता.

कलम मोडलं. खिशातलं पाकीट काढून पाहिलं. काल दोन, आज सकाळी एक. तीन कमी असायला हव्या होत्या, चार कमी होत्या.

"बापूंना एक दिली," म्हणाला. "आणि वास त्यांच्या बिडीचा, स्वेटरला लागलाय."

"शपथ घ्या."

त्याने कंगवा ठेवला. "कारखान्यात पस्तीस वर्षं कोणी माझा खिसा तपासला नाही, शैला." एवढंच. आणि वर निघून गेला.

दुपारभर एकटी. जेवणाच्या हॉलमध्ये गाणीबजावणी, हाउजी. लक्ष नव्हतं. लग्नाआधी सु. मला बघायला आला तेव्हा वेलदोडा चघळून आला होता, तरी सिगरेटचा वास आलाच होता. बाबा आत जाऊन आईला म्हणाले, मुलगा ओढतो. मी दाराआडून ऐकलं आणि मनात म्हटलं, असू दे. गंगापूर धरणाच्या रस्त्याला स्कूटरवर त्याच्या स्वेटरला नाक लावून बसायचे. तोच वास. आता त्याच वासाची भीती वाटते. कधीपासून हे असं

(नंतर) अर्धवट राहिलं, कारण

सगळं नीट लिहिते. चंद्रोदय नऊनंतर. बोट दक्षिणेला चाललेली, आमची बाल्कनी डावीकडे, म्हणजे नेमकी पूर्वेला. सु.ने सिगरेटसाठी घेतलेल्या बाल्कनीतून मला चंद्र! काळ्या पाण्यातून तांबूस वर आला. असा चंद्र नाशिकच्या गच्चीवरून जन्मात दिसला नाही. मी छोट्या टेबलावर गणपती मांडला, सु.चा लाइटर घेतला, दोन उदबत्त्या लावल्या. अथर्वशीर्ष सुरू. दार उघडं होतं, वारा आत. धूर सगळा खोलीत गेला असणार. माझे डोळे मिटलेले.

आधी छतावर टीटीटी. मग फोन. मग दारावर टकटक. पांढऱ्या कपड्यातले दोघे जण, एकाच्या हातात टॉर्च. "सर, स्मोकिंग?" सु. नुकताच वरून आला होता. खिशात पाकीट दिसत होतं, लाइटर टेबलावर. शेजारच्या बाल्कनीतून मिसेस पारेखांचा खोकला आणि "मैंने ही फोन किया!"

माझ्या तोंडात मंत्र. मी तोंड उघडून काही म्हणायच्या आत सु. म्हणाला, "सॉरी. माझी चूक."

त्यांनी चार शब्द सुनावले, कागदावर सही घेतली, गेले. दार लागल्यावर मी सु.कडे वळले.

"असं का केलंत?"

"अर्घ्य द्यायचं राहिलंय तुझं. दिवसभर उपाशी आहेस. त्या माणसांपुढे तुला कशाला उभं करायचं? माझं नाव तसंही खराबच आहे, सकाळीच कळलं."

अर्घ्य दिलं. पेढा त्याच्या हातावर ठेवताना मान वर झाली नाही.

७ जाने., बुध. कोची

सकाळी दाराखालून पत्र. सु.चं पूर्ण नाव, खोलीत धूम्रपान केल्याबद्दल ताकीद, पुन्हा झाल्यास बोटीवरून उतरवू. न्याहारीला मिसेस पारेख सु.कडे पाठ करून बसल्या. आणि बापू माझ्याजवळ येऊन हळूच, "ताई, साहेबांवर रागवू नका. परवा त्यांनी मला एक पांढरी दिली. मी म्हटलं, आता तुमी माझी बिडी घ्या. तर म्हणाले, नाय, माझा कोटा संपला. असा माणूस खोलीत वढंल का? माझा नाय विश्वास."

विंचूरच्या माणसाचा दोन दिवसांत विश्वास. आणि मी चाळीस वर्षांनी खिसा तपासते.

सिस्टर अ‍ॅग्नेस वर्गात म्हणायची, जिने केलं तिने आपण होऊन उभं राहायचं, शिक्षा अर्धी होईल. पदर सारखा केला आणि काउंटरवर गेले. गोव्याची गोड मुलगी. इतकी ताठ उभी राहिले की तीही उठून उभी राहिली.

"काल ते मी केलं. सिगरेट नव्हती. उदबत्ती होती. माझ्या मिस्टरांनी खोटं सांगितलं."

ती आधी हसली, मग हसू आवरलं. "आंटी, अगरबत्ती पण आगच ना." बरोबर आहे. मी एवढी शिकलेली बाई, सिगरेट म्हणजे आग आणि उदबत्ती म्हणजे देव, असंच डोक्यात. पत्रावरचं नाव बदलता येत नाही म्हणाली, पण खाली टीप लिहिते. उदबत्त्या पाकिटात घालून, वर खोली नंबर टाकून ठेवून घेतल्या, उतरताना परत. तिच्या जप्त वस्तूंच्या खोक्यात डोकावले. एक पाणी तापवायचं यंत्र, दोन इस्त्र्या, कोणाची तरी डासांची कॉइल. जिवाला जरा बरं वाटलं.

मग मिसेस पारेख. सगळं सांगितलं, माफी मागितली, दम्याच्या माणसाला त्रास झाला म्हणून जास्तच. त्या म्हणाल्या, "मला मोगरा आलेला, बेन! पण हल्ली लोक काय काय वासाचं ओढतात, म्हटलं मोगऱ्याची पण निघाली असेल." दोघी इतक्या हसलो की त्यांना पंप काढावा लागला.

सु.ला पत्र आणि टीप दाखवली. वाचून म्हणाला, "घरी नेऊन फ्रेम करू."

"सकाळचं सॉरी," मी म्हटलं. कालच्या सकाळचं. त्याला कळलं.

८ जाने., गुरु. परतीचा समुद्र

संध्याकाळी त्याची शेवटची. मी बरोबर गेले. बापूंनी काकूंनाही वर आणलं होतं, त्या समुद्राकडे पाठ करून बसल्या. "ह्यांनी पन्नास वर्षांत घरात एक दिवस बिडी सोडली नाय, अन् हितं कागद वाचून चार दिस खोलीत नाय वढली," त्या म्हणाल्या. "मी पण कागद छापून घेते आता."

बापू म्हणाले, "हिच्या कागदाला टॉर्चवाले नायत."

सु. सावकाश ओढत होता. धूर माझ्याकडे येईल अशा बाजूला बसले, मुद्दाम. शेवटचं म्हणून. स्टेंटवाल्या डॉक्टरांना कळलं तर रागावतील, मलाही. फिल्टरपर्यंत आली, वाळूत खुपसली. पाकिटात अजून पाच-सहा होत्या, त्या डॉक्टरसाहेबांना देऊन टाकल्या. मग लाइटर माझ्या हातात ठेवला. स्टीलचा, निवृत्तीच्या दिवशी मित्रांनी दिलेला. "उदबत्तीला घे."

९ जाने., शुक्र. नाशिक

उतरलो. उदबत्त्या परत मिळाल्या, पाकिटावर 'अ‍ॅरोमॅटिक' असं लिहिलेलं. कसारा घाटात चहाला थांबलो. टपरीवर सगळे ओढत होते. सु.ने दोन भजी जास्त खाल्ली.

लाइटर देवघरात, समईशेजारी. ताकीदपत्र गॅलरीच्या दारावर आतून चिकटवलंय त्याने. "आता हीपण बोटच."

१७ जाने., शनि.

आठ दिवस. चिडचिड खूप. आवळासुपारीचा डबा आठवड्यात संपला. चार वाजले की गॅलरीच्या दाराशी जातो, पत्र वाचतो, परत येतो. आज मोठ्याने वाचून दाखवलं, स्वतःचं नाव खास जोर देऊन. ऋता फोनवर ऐकून हसत सुटली.

मी खिसे पाहिले नाहीत. हात दोनदा शर्टापर्यंत गेला, धुवायला टाकताना. दोन्ही वेळा परत घेतला. एक शर्ट खिशातल्या बसच्या तिकिटासकट धुतला गेला.

५ फेब्रु., गुरु. संकष्टी

साबुदाणा भिजवला. वऱ्याचे तांदूळ नको म्हणाला सु., कंटाळा आला म्हणे. फोनवर बापू, "ताई, मी बिडी दिवसाला सातवर आणली. साहेबांचं काय?" मी म्हटलं, साहेब बरे आहेत. खोटं नाही.

चारला सु. चपला घालू लागला. "कोथिंबीर आणतो."

कोथिंबीर फ्रीजमध्ये आहे, जुडी, सकाळीच निवडलेली. त्याने स्वतः देठं काढली होती.

सव्वाचार. साडेचार. कोपऱ्यावर भाजीवाली आहे आणि तिच्या शेजारी टपरी. खिडकीतून दिसतं. खिडकीशी गेले नाही. देवघर पुसायला घेतलं. समईशेजारी लाइटर नव्हता.

मग काडीपेटी शोधली, ओट्याखाली सापडली, आणि चंद्राला पाच तास असताना मोगऱ्याच्या दोन उदबत्त्या लावल्या. घरभर वास झाला.

पाचला बेल. हातात कोथिंबीर. दुसऱ्या हाताने शर्टाच्या खिशातून लाइटर काढून समईशेजारी ठेवला.

"गॅस संपला होता यातला. भरून आणला. त्या माणसाकडे रांग होती." आणि एकदा पेटवून दाखवला. ज्योत मोठी, निळी.

"एवढी कोथिंबीर काय करायची?" मी विचारलं.

"वड्या कर."

"संकष्टीला?"

"उद्या कर मग."

जवळून गेला तेव्हा मोगरा सोडून दुसरा वास आला नाही. एवढ्या धुरात येणारही नव्हता. आज चंद्र साडेनऊनंतर. दोघांनी गॅलरीत बसायचं ठरलंय, पत्राच्या पलीकडे. खुर्च्या मी आत्ताच बाहेर ठेवून आले.