समोरच्या दिव्याची वीज

दि. १४ सप्टेंबर, मंगळवार

चि. चिंगीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझं पत्र मिळालं. वेळेवर जेवतेस ना? खोलीच्या खिडकीला कडी बसवून घेतलीस का? त्याबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे ती उघडी खिडकीच येते. माझं अक्षर वाकडंतिकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन भिकार आहे.

कोटाचं विचारलंस. ते खाली लिहितो. आधी फोटोंचं.

जाताना तुझा जुना कॅमेरा माझ्या हातात कोंबून म्हणाली होतीस, "विजेला घाबरून कोपऱ्यात बसता, त्यापेक्षा तिचे फोटो काढा." तू चेष्टेत म्हणालीस, मी मनावर घेतलं. आभाळ भरून आलं की आधी घरातले सगळे प्लग काढतो, आरशावर चादर टाकतो, रबरी चपला घालतो आणि खिडकी घट्ट लावून काचेशी उभा राहतो. तुझी आई म्हणते, "एवढी तयारी लग्नाला नव्हती केलीत."

सुरुवातीला नुसते काळे फोटो. वीज दिसली की बटण दाबायचो, तोवर ती पसार. कधी तर गडगडाटाला दचकूनच दाबलं जायचं. शेवटी आपल्या शिलाईच्या दुकानाशेजारच्या फोटोवाल्याला विचारलं. तो पोट धरून हसला.

"काका, गिऱ्हाईक निघून गेल्यावर माप घेता का? कॅमेऱ्याचा डोळा आधी उघडून ठेवायचा. ती आली की आपोआप उमटते."

त्याने कसलंसं चाक फिरवून दिलं. आता एकदा बटण दाबलं की डोळा बराच वेळ उघडा राहतो. आपण कॅमेरा धरून वाट बघायची.

गेल्या आठवड्यात तिन्हीसांजेला ढग दाटले आणि मला वीज सापडली! पांढरीशुभ्र, नागमोडी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी घरभर नाचलो. तुझ्या आईने फोटो बघितला आणि "हं" एवढंच म्हणून भाजी चिरायला बसली. मला वाटलं, जळतेय. सकाळी फोटो मोठा करून घ्यायला फोटोवाल्याकडे गेलो. म्हटलं, मशीनच्या वर भिंतीवर लावू.

फोटोवाला नेहमी टिंगल करतो, तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी चष्मा काढून पुसत बसला.

"काका, ही आडवी आहे."

"असेल एखादी आडवी. माणसं नसतात का?"

"ही वीज नाही. समोरच्या रस्त्यावरचा दिवा आहे. कॅमेरा हातात होता ना? हात हलला, तशी दिव्याची रेघ ओढली गेली." मग हलक्या आवाजात म्हणाला, "फार हलतो का हो?"

मी म्हटलं, "वारा होता."

बंद खिडकीच्या आत कसला वारा, चिंगे.

घरी आलो. तुझ्या आईने माझा चहा अर्धाच कप ओतला. अलीकडे ती तसाच ओतते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणाली, "बशीतलं सांडलेलं रोज गुपचूप पुसता, मला दिसत नाही होय? पोरीला तुम्ही लिहिता की मी लिहू?"

म्हणून लिहितोय.

तुझ्या कोटाचं कापड अजून तसंच घडी घातलेलं आहे. तू लिहिलंस, "पदवी घ्यायला जाईन ती बाबांनी शिवलेल्या कोटातच." माझ्यासारख्या चार बुकं शिकलेल्या माणसाला यापेक्षा जास्त काय हवं? मी कापड टेबलावर पसरलं, खडू घेतला, पाठीची रेघ ओढली. त्या फोटोतल्यासारखीच आली. पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा तशीच. कात्री उचललीच नाही. कापड खराब केलेलं नाही, घाबरू नकोस. खडू ब्रशने झटकून टाकलाय.

डॉक्टरकडे गेलो नाही. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं की ते माझंच होऊन बसेल, अशी धास्ती वाटते. ओरडू नकोस. तुझ्या आईने तुझ्या वाट्याचंही ओरडून घेतलंय.

बाजारातल्या दुसऱ्या शिंप्याकडे कोट टाकायचा असेल तर टाक, मला राग येणार नाही. येईल, पण जाईल. फक्त त्याला खांद्याकडे लक्ष द्यायला सांग. त्याच्या कोटांचे खांदे पडतात.

नाहीतर असं कर. थोडे दिवस ये. मी बोटाने दाखवीन, खडू तू ओढ, कात्री तू चालव. तुला सरळ कापता येत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी बाहुलीच्या झग्यासाठी माझ्या अस्तराची वाट लावली होतीस. पण शिवण अजून माझी आहे. दोन्ही तळवे मशीनवर टेकले की हात बरेच गप्प बसतात. कालच एका उशीचा अभ्रा शिवून पाहिला. तुझ्या आईने टीप उलटसुलट करून बघितली आणि यावेळी नुसतं "हं" म्हणाली नाही. आणि तू आलीस की डॉक्टरकडेही जाऊ. तू बरोबर असलीस तर मी येईन.

सोबत एक फोटो पाठवतोय. परवा खिडकीशी, घरच्या शिलाई मशीनच्या फळीवर कॅमेरा ठेवला, दोन्ही बाजूंनी तांदळाच्या पुरचुंड्या लावून घट्ट बसवला. बटण दाबलं की जरा थांबून मग डोळा उघडेल, अशी सोय फोटोवाल्याने करून दिली होती. दाबलं आणि दोन्ही हात खिशात घालून मागे उभा राहिलो. समोरच्या घराचं छप्पर कापलं गेलंय आणि वीज अगदी कडेला आहे, पण वरून खाली आलेली आहे. खालचा दिवा बघ, टाचणीच्या डोक्याएवढा आहे. जागचा हललेला नाही.

खिडकीच्या कडीचं विसरू नकोस.

पेन नवंकोरं आहे. तुझ्या आईने कालच आणलंय.

तुझे,
बाबा