शेवटचं पुस्तक उघडलं

प्रिय दर्यावर्दी,

तुझा निरोप मिळाला. पुस्तकांच्या ओझ्याने बॅगेचा पट्टा तुटला, आता ई-रीडर हवा, आणि कोणता घ्यायचा ते मी ठरवायचं, असं फर्मान. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ‘आता नीट दिसतंय, की मघाशी?’ असं विचारणाऱ्या बायकोवर हे काम सोपवलंस, म्हणजे जहाजाच्या इंजिनाच्या धगीतही तुझी अक्कल अजून वितळलेली नाही. निरोपाच्या शेवटी, जाता जाता, कंपनी करार वाढवून देतेय, बघू, असंही लिहिलंयस. ते मी वाचलं.

शनिवारी गेले. तुझ्या आईही आल्या. त्यांना न नेण्याची माझी काय टाप! दुकानातल्या मुलीने तीन ई-रीडर मांडले. पहिला खिशात मावणारा, पण अक्षर मोठं केलं की पानावर जेमतेम चार ओळी. पान उलटायला तू डास मारल्यासारखा सारखा चापट्या मारत बसला असतास. दुसरा पाटीएवढा, किंमत ऐकून आईंनी चटका बसल्यासारखा खाली ठेवला. तिसरा मात्र मनात भरला. हलका, पाण्याचे शिंतोडे सोसणारा, उन्हात धरला तरी अक्षर स्वच्छ. मी तो खिडकीशी नेला, सावलीत नेला, मग हात लांब करून पाहिला. हल्ली तू पुस्तक तसंच धरतोस आणि केबिनमधल्या दिव्याला नावं ठेवतोस. दिव्याचा काही दोष नाही राजा, चाळिशी लागलीय तुला.

तरी मी खुसपटं काढत राहिले. समासात पेन्सिलीने ‘इथे मोठ्याने हसलो’ असं लिहिता येईल का? येतं म्हणे. तुझे ते शेरे बघत मी तुझ्यामागून तेच पुस्तक वाचते, तशी सोय? तीही आहे. नाकाने कांदे सोलणारं गिऱ्हाईक कसं असतं ते मला रोजच दिसतं, त्या दिवशी मीच झाले. शेवटी विचारलं, यात पुस्तकं मावतात किती? ती मुलगी हौसेने म्हणाली, हजारो, जन्मभर संपायची नाहीत. आणि मी जवळच्या स्टुलावर मटकन बसले. आई म्हणाल्या, चक्कर आली का गं? मी म्हटलं, नाही, ऊन लागलं. दुकानात कुठलं आलंय ऊन!

तुला माहीत आहे मला काय झालं ते. परतीची तारीख तोंडातून काढली की इंजिन रुसतं, ही तुम्हा लोकांची समजूत. इतक्या वर्षांत ‘मी येतोय’ असं तू एकदाही म्हणाला नाहीस. म्हणून तर बॅग मी भरते, सफरीला पुरतील एवढीच पुस्तकं घालून. मग कधीतरी फोनवर तू म्हणतोस, ‘शेवटचं पुस्तक उघडलं.’ बस्स. मी गादीला ऊन दाखवते, कपाटातून दुसरी उशी काढते. आई उगाचच दाराच्या कडीला तेल घालून ठेवतात. दुकानात माझे मालक माझ्या तोंडाकडे बघूनच सुट्टीचा अर्ज पुढे करतात.

यंदा ते वाक्य आलंच नाही. मी भरलेली पुस्तकं एव्हाना संपली असणार, हे मला कळतं. कुणाकडून तरी उसनी घेऊन वाचत असशील. पगार वाढतो, तेही कळतं. पण संध्याकाळी दोघी जेवायला बसलो की आई सवयीने तिसरा पाट मांडतात, मग परत उचलून ठेवतात. मला तुझी फार आठवण येते. हे फोनवर बोलता येत नाही, मागे इंजिनाची घरघर असते आणि मला ओरडून प्रेम करता येत नाही.

तिसरा ई-रीडर घेतला. तो कपाटात तुझ्या उशीशी ठेवलाय, पुस्तकं भरून. पाठवणार मात्र नाही. त्याऐवजी या पाकिटात एक पुस्तक घातलंय, घरातलं सगळ्यात बारीक शोधून. एका बैठकीत संपेल. करारावर सही करण्याआधी ते उघड, आणि मला फोन कर. काय म्हणायचं ते तुला ठाऊक आहे.

वाट पाहणारी, तुझीच
चष्मेवाली